बऱ्याच वर्षांनी कन्फेशनला जाताय? मग हे वाचून जा

राखेचा बुधवार झाला, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू झाला, की दरवर्षी दोन-तीन जणींचे तरी मेसेज येतात मला, अगं खूप वर्षं झाली कन्फेशनला (आम्हा कॅथलिकांमध्ये फादरसमोर पापं सांगून देवाची क्षमा मागतात ते) गेले नाही, आता कसं जाऊ, काय बोलू, प्रार्थनाच आठवत नाही. मी स्वतः अकरा वर्षं गेले नव्हते. लग्न होऊन वसईहून ठाण्याला आले, मग नोकरी, मुलं, रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकवायचे नाही पण कन्फेशनच्या लाईनकडे नजर गेली की पाय दुसरीकडे वळायचे. 2022 च्या लेंटमध्ये, म्हणजे त्याच उपवासकाळात, गेले शेवटी. तेव्हा मला जे कोणीतरी सांगायला हवं होतं ते सगळं इथे लिहितेय.

आधी वेळ आणि जागा. बहुतेक ठिकाणी शनिवारी संध्याकाळच्या मिस्साच्या आधी फादर कन्फेशनला बसतात, पण प्रत्येक पॅरिशचं, म्हणजे त्या त्या भागातल्या चर्चचं, वेगळं असतं म्हणून ऑफिसला एक फोन करा किंवा बाहेरचा नोटीस बोर्ड बघा. ती वेळ जमत नसेल तर फादरना भेटून वेगळी वेळ मागायची, त्यात काही चुकीचं नाही. आपल्याच पॅरिशमध्ये गेलं पाहिजे असंही नाही हां. ओळखीच्या फादरसमोर जीभ उचलत नसेल तर कळव्याच्या माणसाने ठाण्यातल्या तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चला जावं, नेरूळच्या माणसाने वाशीला जावं, कोणी विचारत नाही. कॅनन लॉमध्येच, म्हणजे चर्चच्या कायद्यात, लिहिलंय की कन्फेशन कोणाकडे करायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं, दुसऱ्या रीतीचा, म्हणजे कॅथलिकच पण वेगळ्या उपासनापद्धतीचा, फादर असला तरी चालतो, म्हणजे आपल्याकडे मल्याळी लोकांचं सिरो-मलबार चर्च जवळ असेल तर तिथेही जाता येतं. भाषेचा प्रश्न मात्र आधी सोडवा. ज्या भाषेत आपण घरी भांडतो आणि रडतो त्याच भाषेत पाप सांगावं असं मला वाटतं, इंग्रजीत पाठ केलेलं वाक्य म्हटलं की ते आपलं वाटतच नाही. त्यामुळे मराठी येणारे फादर कधी बसतात ते सरळ विचारा. आणि फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर कन्फेशन होत नाही, समोर जावंच लागतं.

लेंटमध्ये आणि ख्रिसमसच्या आधी बऱ्याच पॅरिशमध्ये सगळ्यांची एकत्र प्रायश्चित्ताची प्रार्थना असते, बायबलवाचन होतं, आत्मपरीक्षण होतं आणि मग आजूबाजूच्या पॅरिशमधून आलेले चार-पाच फादर वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसतात, आपण एकेकट्याने जाऊन सांगायचं. खूप वर्षांनी जाणाऱ्याला हे सोपं पडतं कारण लाईनमध्ये आपण एकटे नसतो.

आता खरी तयारी, ती घरी. आदल्या रात्री मुलं झोपल्यावर अर्धा तास काढा, आधी पवित्र आत्म्याची प्रार्थना करा आणि मग दहा आज्ञा एकेक करून स्वतःला लावून बघा. चर्च शिकवतं की मॉर्टल सिन म्हणजे मोठं पाप व्हायला तीन गोष्टी लागतात, विषय गंभीर हवा, ते चूक आहे हे आपल्याला नीट माहीत हवं आणि तरी आपण मनापासून ठरवून केलेलं हवं. अशी पापं सगळी सांगायची, काय केलं आणि साधारण किती वेळा, चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने 1551 मध्ये हे स्पष्ट केलं तेव्हापासून तसंच आहे. अकरा वर्षांचा आकडा कोण लक्षात ठेवणार, तर "बऱ्याचदा", "जवळजवळ दर आठवड्याला" एवढं प्रामाणिकपणे सांगितलं की पुरे. लहानसहान पापं सांगणं बंधनकारक नाही पण सांगावीत, माझा अनुभव आहे की मोठ्याची मुळं तिथेच सापडतात. कागदावर लिहून नेलं तरी चालतं, नंतर फाडून टाका.

आता जिथे सगळे अडकतात ते सांगते. पाप सांगायचं, गोष्ट नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मी दीड महिन्याचे पैसे दिले नव्हते, साडेचार हजार रुपये, आणि नंतर त्या परत यायला लागल्यावर त्यांनी मागितले नाहीत म्हणून मीही विषय काढला नाही. कन्फेशनमध्ये हे सांगताना मी सुरुवात केली की फादर तेव्हा सगळेच अडचणीत होते, मिस्टरांचा पगार कापला होता, सोसायटीने बाहेरच्यांना बंदी केली होती, त्या आल्याच नाहीत तर पैसे कसले. फादरनी मध्ये तोंड उघडलं नाही. माझं संपल्यावर हळूच विचारलं, देऊ शकत होतीस का? मी म्हटलं हो. मग तेवढंच सांग, म्हणाले. तेव्हा मी पहिल्यांदा ते वाक्य नुसतं उच्चारलं, माझ्याकडे पैसे होते आणि मी मावशींचे बुडवले. फादर आणि माझ्यामधल्या जाळीवर दोन बोटं टेकलेली होती माझी, ती थरथरत होती ते आठवतंय. त्यामुळे तुम्हीही घरीच प्रत्येक पापाचं एक वाक्य करून ठेवा, सासू कशी वागली, नवरा काय म्हणाला, बॉसने काय केलं हे सगळं काढून टाकल्यावर "मी" ने सुरू होणारं जे वाक्य उरतं ते.

आत गेल्यावर जाळीच्या आड गुडघे टेकायचे की समोर खुर्चीवर बसायचं हे बहुतेक ठिकाणी आपण निवडू शकतो. क्रुसाची खूण करायची आणि म्हणायचं, फादर मला आशीर्वाद द्या, मी पाप केलंय, माझं शेवटचं कन्फेशन अमुक वर्षांपूर्वी झालं. पुढचं काही आठवत नसेल तर तेही सांगून टाका, फादर एकेक करून विचारत नेतात. सगळं सांगून झालं की म्हणायचं, या आणि मला न आठवलेल्या सगळ्या पापांबद्दल मला दुःख होतंय. खरंच विसरलेलं पाप असेल तर त्याचीही क्षमा होते, मोठं असेल तर पुढच्या वेळी सांगायचं, पण लाजेने मुद्दाम लपवलं तर मात्र कन्फेशनच होत नाही, म्हणजे सांगितलेल्या पापांचीही क्षमा नाही. म्हणून जे सांगायची सगळ्यात जास्त लाज वाटते ते पहिलं सांगा. मग मागचं सगळं आपोआप बाहेर पडतं.

फादर बाहेर कोणाला सांगतील ही भीती तर मनातून पूर्ण काढा. कन्फेशनमध्ये ऐकलेलं फादर कोणालाही, कुठल्याही कारणासाठी, पोलिसांनाही सांगू शकत नाहीत, थेट फोडलं तर चर्चमधून आपोआप बहिष्कृत होतात. आणि ज्या बहिणींच्या मनात गर्भपाताचं ओझं आहे त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय, पूर्वी काही ठिकाणी त्यासाठी बिशपची परवानगी लागायची हे ऐकून कितीतरी जणी मागे फिरल्या असतील, पण पोप फ्रान्सिस यांनी 2016 मध्ये सगळ्या फादरना ती क्षमा देण्याचा अधिकार दिलाय. कोणत्याही कन्फेशनमध्ये सांगा. जा बायांनो, खरंच जा.

मग फादर थोडं बोलतात, प्रायश्चित्त देतात आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायला सांगतात. पाठ नसेल तर आपल्या शब्दांत, देवा मी चुकले, मला वाईट वाटतंय, तुझ्या कृपेने परत तसं करणार नाही, एवढं पुरतं. हा शेवटचा भाग महत्त्वाचा, परत न करण्याचा निश्चय हवा, परत चूक होणारच नाही याची गॅरंटी कोणी मागत नाही. नंतर फादर हात पुढे करून पापक्षमेचे शब्द म्हणतात, पित्याच्या व पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने. तेव्हा दुसरं काही पुटपुटत बसू नका, ऐका, आणि आमेन म्हणा. क्षमा त्याच क्षणी होते, नंतर म्हणायच्या प्रार्थनांनी ती विकत घ्यायची नसते.

मग प्रायश्चित्त कशाला, हे मला माझ्या मुलानेही विचारलं. पाप माफ झालं तरी केलेलं नुकसान तिथेच पडलेलं असतं, कोणाचे पैसे, कोणाची बदनामी, आणि आपलं स्वतःचं बिघडलेलं वळण, ते सरळ करायला सुरुवात म्हणून प्रायश्चित्त. कधी पाच वेळा नमो मरियाची प्रार्थना असते, कधी उपवास, कधी आजारी माणसाला भेटायला जाणं. चोरलेलं असेल तर ते परत करावंच लागतं. दिलेलं प्रायश्चित्त जमण्यासारखं नसेल, तर तिथेच सांगा, फादर बदलून देतात. आणि लगेच करा, बाहेर बाकावर बसूनच, घरी जाऊन करू म्हटलं की राहतं.

मला फादरनी एकदा 'आमच्या स्वर्गीय बापा' ही प्रार्थना आणि मावशींचे पैसे परत करणं असं प्रायश्चित्त दिलं होतं. सोमवारी सकाळी मावशी ओट्याशी भांडी विसळत होत्या, मी पाकीट ठेवलं आणि म्हटलं हे तेव्हाचे, मी द्यायला हवे होते, माझं चुकलं. त्यांनी ओले हात साडीला पुसले, पाकीट उघडून मोजले आणि म्हणाल्या, मला वाटलं तुम्ही विसरलात. मी विसरले नव्हते ते मी त्यांना सांगितलं.

वर्षातून एकदा तरी मोठ्या पापांचं कन्फेशन करणं चर्चने बंधनकारक ठेवलंय, 1215 च्या लॅटरन परिषदेपासून, पण पहिलं झाल्यावर वर्षभर थांबू नका, महिना-दीड महिन्याने परत जा. तेव्हा सुरुवातीचं वाक्य फार लवकर म्हणून होतं.