पहिली नायट्रो बग्गी: आधी इंधन बघा, मग गाडी

नायट्रो बग्गी म्हणजे रिमोटवर पळणारी, छोट्या इंजिनाची मॉडेल गाडी. ती कुठली घ्यायची हा नाशिकमध्ये दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, तिचं इंधन कुठून येणार.

नायट्रो गाडी पेट्रोलवर चालत नाही. तिच्यात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नसतो. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमची बारीक गुंडाळी असते, ती मिथेनॉलच्या वाफेत तापलेली राहते आणि तिच्यावरच मिश्रण पेटतं. टाकीत पेट्रोल ओतलं तर चालू करायची दोरी ओढून हात दुखेल, बाकी काही होणार नाही. लागतं ते मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं तयार मिश्रण. ते ज्वालाग्राही, त्यामुळे साध्या कुरिअरच्या विमानाने येत नाही. रस्त्याने येतं, आणि रस्त्यानेही सगळे घेत नाहीत. म्हणून गाडीचे व्हिडिओ बघत बसण्याआधी मुंबई-पुण्याच्या हॉबी दुकानात फोन लावा आणि विचारा: किती टक्के नायट्रोचं (नायट्रोमिथेनचं) इंधन आज हजर आहे, नाशिकला ट्रान्सपोर्टने टाकाल की येऊन न्यावं लागेल, पुढचा माल कधी. उत्तरं गुळमुळीत आली तर सरळ इलेक्ट्रिक बग्गी घ्या. त्यात कमीपणा काही नाही. इंधनाअभावी कपाटावर बसलेल्या नायट्रोपेक्षा ती बरी.

ऑफ-रोड गाडीला १६ ते २५ टक्के नायट्रोचं आणि साधारण १० टक्के तेलाचं इंधन चालतं. सुरुवातीला १६ किंवा २० पुरे. विमानाच्या मॉडेलचं इंधन स्वस्त मिळतंय म्हणून उचलू नका. त्यात तेल १८-२० टक्के आणि नायट्रो कमी असतं. इंजिन बिघडणार नाही, पण धूर ओकत मरगळल्यासारखं चालेल आणि ट्यूनिंग शिकताना तुमचाच गोंधळ उडेल. हिशोब असा धरा: १/८ बग्गीची (खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्श्याच्या आकाराची) टाकी १२५ सीसीची, एका टाकीत आठ-दहा मिनिटं. एका गॅलनमध्ये, म्हणजे पावणेचार लिटरमध्ये, तीस टाक्या. त्यातल्या पाच-सहा तर नवं इंजिन रुळवून मोकळं करण्यातच जातात. रविवारी दोन-तीन तास धिंगाणा घालायचा तर लिटरभर संपतं. दोन गॅलन हातात असल्याशिवाय गाडीचे पैसे देऊ नका.

विषारी दारूच्या बातम्यांत ज्याचं नाव येतं तेच हे मिथेनॉल. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही काढून ठेवायचं नाही. त्याची ज्योत भर उन्हात दिसत नाही, फक्त हवा थरथरताना दिसते. ते पाण्यात मिसळतं, त्यामुळे भरपूर पाणी ओतलं की विझतं. मैदानावर भरलेली बादली न्या.

आता गाडी. ऑफ-रोड रेसिंगचा खरा वर्ग १/८ बग्गीचा: चारही चाकांना ताकद, ३.५ सीसीपर्यंतचं इंजिन (घनइंचांत मोजून त्यालाच .२१ म्हणतात), आंतरराष्ट्रीय नियमाने १२५ सीसी टाकी. वजन सव्वातीन-साडेतीन किलो, वेग ताशी ६० किलोमीटरच्या पुढे. १/१० ची बग्गी किंवा ट्रक .१५-.१८ च्या इंजिनावर चालते, स्वस्त पडते आणि पहिल्या नजरेत शहाणपणाची वाटते. पण नाशिकच्या जमिनीवर ती कमी पडते. आपल्याकडे एक तर मुरूम, नाही तर काळी माती. उन्हाळ्यात काळ्या मातीला पडणाऱ्या भेगांत १/१० चं चाक अडकतं आणि गाडी कोलांटी खाते; १/८ चं चाक त्यावरून निघून जातं. शिवाय १/८ मध्ये डिफचे (डिफरन्शिअलचे) गिअर, ड्राइव्हशाफ्ट, सस्पेन्शनचे आर्म सगळंच दणकट असतं. मॉन्स्टर ट्रक उड्या मारायला मजेदार, पण उंच असल्यामुळे वळणावर उलटतो. रेस शिकायची असेल तर बग्गीच.

रेडी-टू-रन (जोडून तयार) घ्यायची की किट (स्वतः जोडायची)? किटच्या खोक्यात इंजिन, पाइप, रेडिओ, दोन सर्व्हो (स्टिअरिंग आणि थ्रॉटल-ब्रेक हलवणाऱ्या छोट्या मोटरी), रिसीव्हरची बॅटरी यातलं काही नसतं, बहुतेकदा टायरही नाहीत, आणि चालू करायला स्टार्टर बॉक्स वेगळा. पहिल्या गाडीला हा व्याप नको. दोरीने चालू होणारी रेडी-टू-रन घ्या. क्योशोची इन्फर्नो निओ हा या प्रकारातला चांगला नमुना: रेसच्या इन्फर्नोंच्याच घराण्यातली, .२१ चं पुल-स्टार्ट इंजिन बसवूनच येणारी. ट्रॅक्सासच्या ३.३ इंजिनाच्या गाड्या बटणाने सुरू होतात, पण त्या ट्रक आहेत, रेसच्या बग्गी नाहीत.

मॉडेल पक्कं करण्याआधी सुट्या भागांची परीक्षा घ्या. दुकानदाराला पाच गोष्टी मागा: पुढचे खालचे आर्म, स्टिअरिंग नकल (पुढचं चाक वळवणारा सांधा), क्लच बेल (क्लचची दात असलेली वाटी) आणि शूज, स्पर गिअर (बेल फिरवते ते मोठं दातेरी चाक), कनेक्टिंग रॉड. तीन तरी त्याच्या ड्रॉवरमधून निघाले पाहिजेत. ‘मागवून देतो’ म्हणजे दीड महिना. बेअरिंगची मात्र काळजी करू नका, ती नाशिकची जमेची बाजू. चाकात आणि डिफमध्ये सहसा ८×१६×५ ची बेअरिंग असतात, म्हणजे ६८८. क्लच बेलमध्ये ५×१०×४, म्हणजे एमआर१०५. सातपूर-अंबडच्या कारखान्यांना माल देणाऱ्या बेअरिंगवाल्याला नंबर सांगा. चाकांना रबर सीलची घ्या. क्लचची बेअरिंग उष्णतेने सर्वांत आधी जातात, त्यांचे दोन जोड जास्तीचे ठेवा. एक फुटलं की बेल तिरकी होते आणि स्पर गिअरचे दात खाऊन टाकते.

जुनी गाडी मिळत असेल तर बॉडीच्या रंगाकडे बघू नका, इंजिनाकडे बघा, तेही थंड असताना. प्लग जागेवर ठेवून फ्लायव्हील बोटाने हळूहळू फिरवा. पिस्टन वर येताना शेवटच्या टप्प्यात घट्ट अडला पाहिजे. स्लीव्ह, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी, वरच्या बाजूला निमुळती असते, ती घट्टपणा देते. काही न अडता गरागरा फिरलं तर स्लीव्ह-पिस्टन संपले; तो जोड बदलणं म्हणजे जवळपास नवं इंजिन. मग एअर फिल्टर काढा, पांढरं फडकं करंगळीला गुंडाळून कार्ब्युरेटरच्या गळ्यातून फिरवा. फडक्यावर तांबूस, कचकच लागणारी धूळ आली तर किंमत विचारण्याचीही गरज नाही. पिस्टन वरच्या टोकाला ठेवून फ्लायव्हील किंचित मागे-पुढे हलवा. टक-टक जाणवली तर कनेक्टिंग रॉड ढिला. शेवटी चॅसिस काचेच्या टेबलावर ठेवा, पुढचं टोक वाकलेलं असेल तर लगेच दिसतं.

रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचाच हवा आणि फेलसेफ (सिग्नल तुटला की गाडी थांबवणारी सोय) असलाच पाहिजे. पैसे देण्याआधी दुकानातच तपासा: इंजिन बंद, गाडी स्टँडवर, थ्रॉटल थोडा दाबलेला, आणि तसाच रिमोट बंद करा. सर्व्होने लगेच ब्रेककडे गेलं पाहिजे. जागच्या जागी थांबला किंवा थ्रॉटल उघडला तर सेटिंग करून घ्या, नाही तर गाडी तिथेच सोडा. साडेतीन किलोची बेलगाम गाडी माणसाची नडगी मोडू शकते. रिसीव्हरची बॅटरीच मेली तर फेलसेफही मरतो, म्हणून कार्ब्युरेटरच्या दांडीला बंद बाजूकडे ओढणारी हलकी स्प्रिंग लावा.

गाडीच्या किमतीवर आणखी तिसरा हिस्सा बाजूला काढा. ग्लो इग्नायटर (चालू करताना प्लग तापवणारा) आणि त्याचा चार्जर, अर्ध्या लिटरची इंधन भरायची बाटली, चार-पाच ग्लो प्लग (मॅन्युअलमध्ये साधा की टर्बो ते बघून, दोन्हींची बैठक वेगळी), तापमान मोजायची इन्फ्रारेड गन, १.५, २, २.५ आणि ३ मिलिमीटरच्या चांगल्या अॅलन की, १७ मिलिमीटरचा चाकाचा पाना, निळा थ्रेडलॉक (स्क्रू ढिले होऊ न देणारा गोंद), फिल्टर ऑइल, आफ्टर-रन ऑइल (चालवून झाल्यावर इंजिनात टाकायचं). स्वस्तातल्या अॅलन कीने स्क्रूची डोकी गोल होतात, तिथे काटकसर करू नका.

नवी गाडी खोक्यातून काढून थेट पळवायची नाही. धातूत जाणारे स्क्रू एकेक काढून थ्रेडलॉक लावून बसवा. क्लच बेल आणि स्पर यांच्यात वहीच्या कागदाची पट्टी घालून गिअर फिरवा. पट्टी न फाटता चुरगळून निघाली की फट बरोबर. आणि एअर फिल्टर. नाशिकमध्ये इंजिनं जास्त करून धुळीने मरतात, एप्रिल-मे महिन्यांत तर हमखास. फोम फिल्टर ऑइलमध्ये सगळीकडे सारखा भिजवून पिळायचा, कोरडा ठिपकाही राहता कामा नये. रबरी नळी कार्ब्युरेटरच्या गळ्यावर केबल टायने आवळा, फिल्टरच्या कडेला ग्रीसचं बोट फिरवा. दर तीन-चार टाक्यांनी बाहेरचा फोम बदला. मळलेले घरी भांड्यांच्या साबणात धुऊन सुकवा.

पहिल्या टाकीआधी इंजिनाचं डोकं हेअर ड्रायरने हाताला चटका बसेपर्यंत तापवा. थंड असताना पिस्टन वर अडतो आणि दोरीचे झटके सगळे कनेक्टिंग रॉडला बसतात. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी तर हे चुकवूच नका. दोरी एका वेळी फूटभरच ओढा. एकदम घट्ट झाली तर जोर लावू नका, आत इंधन साचलंय. प्लग काढा, फडकं झाकून दोनदा ओढा, साचलेलं बाहेर उडेल. पहिल्या टाक्या रिच ठेवून, म्हणजे इंधन सढळ देऊन, धुराच्या रेघेसह हळू-जोरात हळू-जोरात चालवा. तापमान ९० ते १०० अंश सेल्सिअस. प्रत्येक टाकीनंतर पिस्टन खाली ठेवून पूर्ण थंड होऊ द्या.

नंतर हायस्पीड निडल (जोरात चालताना इंधन कमी-जास्त करणारा कार्ब्युरेटरचा स्क्रू) थोडी थोडी आवळत जा, एका वेळी घड्याळाच्या एका तासाइतकीच, आणि मग दोन फेऱ्या मारून तापमान बघा. १०५ ते १२५ मध्ये राहिलं पाहिजे. धुराची रेघ पूर्ण गेली, गाडी सरळ रस्त्यावर शेवटी दम सोडते, आयडलला (थ्रॉटल न दाबता) आवाज चढतो: हे सगळं लीनचं, म्हणजे इंधन कमी पडत असल्याचं, लक्षण, निडल लगेच उघडा. लो-स्पीड निडलसाठी इंजिन तापल्यावर आयडलला इंधनाची नळी चिमटीत दाबा. दोन-तीन सेकंदांत आवाज किंचित चढून बंद पडलं तर बरोबर. लगेच बंद पडलं तर लीन, बराच वेळ चालत राहिलं तर रिच. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच, त्याचा फरक थोडासाच. पहाटेची १० अंशांची हवा आणि दुपारचं ऊन यांचा फरक जास्त: हवा गार असेल तर निडल थोडी उघडी. सकाळी जमलेली सेटिंग दुपारी रिच वाटते, तिला चुकीची समजून फार आवळू नका.

चालवायची जागा आधी ठरवा. या इंजिनाचा आवाज सोसायटीत कोणी खपवून घेणार नाही, आणि बंद गॅरेजमध्ये तर चालवायचंच नाही. एमआयडीसीतला रिकामा प्लॉट रविवारी, मालकाला विचारून. किंवा शहराबाहेरचं पडीक माळरान, जिथे गुरं आणि पोरं नाहीत.

दिवस संपला की टाकीत थेंबभरही ठेवू नका. नळी काढून इंजिनातलं इंधन जाळून टाका. नायट्रो जळल्यावर आम्ल तयार होतं आणि मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, दोन्ही मिळून बेअरिंगला गंज चढवतात, पावसाळ्यात तर आठवड्याभरात. प्लग काढा, आफ्टर-रन ऑइलचे चार-पाच थेंब प्लगच्या भोकात आणि तेवढेच कार्ब्युरेटरमध्ये टाका, दोरी तीन-चारदा ओढा, प्लग बसवा, पिस्टन खाली आणून ठेवा.