मॅचिंग हलतंय? मायक्रोला हात लावायच्या आधी पॅलेट आणि हेड बघा

चार कलर चार स्टेशनचं हाताने फिरवायचं टीशर्ट छापायचं मशीन (टीशर्ट चढवायच्या चार फळ्या म्हणजे पॅलेट, आणि जाळीची स्क्रीन धरणारे चार हात म्हणजे हेड) घेतलं की पहिले काही महिने सगळे एकच करतात, मॅचिंग, म्हणजे एका कलरवर दुसरा नेमका बसणं, हललं की मायक्रोचा, म्हणजे स्क्रीन केसभर सरकवायचा, स्क्रू पिळायचा. मीपण तेच केलंय. गणपतीच्या तोंडावर एका मंडळाची २०० टीशर्टची ऑर्डर होती, काळं कापड, तीन कलर, आणि दर चौथा टीशर्ट वाया, भगव्याच्या कडेने खालचा पांढरा डोकावतोय. मी हाताखालच्या पोरावर ओरडत होतो की नीट चढव रे, तर तोच म्हणाला, दादा खराब होतोय तो दरवेळी ह्याच पॅलेटवर. बघितलं तर ब्रॅकेटचा एक बोल्ट ढिला, पॅलेटचं पुढचं तोंड दीड मिलीमीटर खाली, आणि स्क्वीजी (इंक ओढायची रबरी पट्टी) ओढली की अख्खं पॅलेट केसभर सरकतंय. कारण काय तर आम्हीच त्या पॅलेटवर इंकचा डबा ठेवून कलर घोटायचो.

टेबल प्रिंटिंगवरून आलेल्यांचा इथे जास्त गोंधळ होतो. टेबलवर प्रत्येक टीशर्टला त्याचा स्वतःचा स्टॉपर असतो, तो एकटा चुकला तर तो एकटा ठोकून सरळ करता येतो. फिरत्या मशीनवर तसं नाही, एका हेडची एकच सेटिंग चारही पॅलेटला चालवायची असते, म्हणजे चारही पॅलेट एकमेकांसारखी पाहिजेत. नाहीतर मायक्रोने तुम्ही एका पॅलेटवर मॅचिंग आणता आणि तिथेच दुसऱ्यावरचं घालवता. म्हणून आधी स्टँड, मग पॅलेट, मग हेड आणि सगळ्यात शेवटी स्क्रीन, हा क्रम मोडू नका.

स्टँडवर फार वेळ घालवायचा नाही. भाड्याच्या गाळ्यात फरशीला पाण्यासाठी उतार असतोच, पाणसळ लावा आणि पायाखाली लोखंडी पत्र्याचं पॅकिंग द्या, पुठ्ठ्याचं नको, आठवड्यात दबतं. हात न लावता पॅलेट आपोआप एका बाजूला फिरत जात असतील तर अजून उतार आहे. मग पॅलेट लॉक करून त्याचं पुढचं टोक धरा आणि वर खाली, डावी उजवी हलवून बघा. मधल्या शाफ्टचं बेअरिंग ढिलं असेल तर इथेच कळतं, ते आवळल्याशिवाय पुढचं काही करण्यात अर्थ नाही, फक्त एवढं आवळू नका की फिरवताना खांदा दुखेल.

आता पॅलेट. सगळ्यात आधी जुना टेप आणि टीशर्ट चिकटवायचा गम पूर्ण काढा. हे कोणी करत नाही, आणि एका पॅलेटवर टेपचे तीन थर, दुसऱ्यावर एक, वर कापडाचे धागे चिकटलेले, मग माप घेऊन काय उपयोग. साफ झाल्यावर स्टीलची पट्टी पॅलेटवर उभी धरा आणि मागून मोबाईलचा टॉर्च मारा, पट्टीखालून उजेड दिसला म्हणजे तिथे खड्डा आहे. जे पॅलेट सगळ्यात सरळ निघेल ते मास्टर, त्यावर मार्करने मोठा १ लिहा. एमडीएफची पॅलेट असतील तर कडा नीट बघा, पावसाळ्यात फुगतात, कोकणातल्या हवेत तर विचारूच नका. फुगलेलं पॅलेट घासून सरळ होत नाही, ते बदलायचंच.

उंची बघायला एक इंची चौकोनी ॲल्युमिनियम पाईप घ्या आणि स्क्रीनच्या जागी पहिल्या हेडच्या क्लॅम्पमध्ये पकडा. स्क्रीन लावून माप घेऊ नका, कारण फ्रेमच पिळलेली असू शकते. हेड खाली घेऊन लॉक करा आणि पाईप न् पॅलेटमधली फट चारी कोपऱ्यात बघा. डायल गेज (बारीक फरक काट्याने दाखवणारं माप) असेल तर उत्तमच, नसेल तर जुनी एटीएम कार्डं घ्या, उठावाचे आकडे नसलेली सपाट, एक कार्ड ०.७६ मिलीमीटरचं असतं म्हणजे तीन मिळून साधारण २.३. मास्टर पॅलेटवर चारी कोपऱ्यात तीन कार्डं सारखीच घासत जातील असं करा, आणि मग पाईपला अजिबात हात न लावता बाकीची तीन पॅलेट एकेक करून त्याच हेडखाली आणा. कार्ड अडकलं तर पॅलेट वर आहे, मोकळं गेलं तर खाली. ब्रॅकेटखाली स्क्रू असेल तर त्याने जमवा, नसेल तर पातळ वॉशर टाका. ०.२ मिलीमीटरच्या आत आलं की बास, टीशर्टच्या कापडाला त्याहून जास्त काटेकोर करून काही मिळत नाही.

उंचीनंतर जागा, म्हणजे पॅलेट डावी उजवीकडे किंवा मागे पुढे सरकलेलं नाही ना. प्रत्येक पॅलेटवर मधोमध मास्किंग टेप लावून बारीक पेनाने उभी रेघ मारा, आणि मानेच्या बाजूच्या कडेपासून समजा १० सेंमीवर आडवी रेघ. एका स्क्रीनवर तसाच क्रॉस एक्स्पोज करून (उजेडाने उमटवून) पहिल्या हेडला लावा आणि जाळीतून खाली बघत बघत चारही पॅलेटच्या रेघा त्या क्रॉसखाली आणा. बोल्ट एकदम आवळू नका, आवळतानाच पॅलेट सरकतं, एक इकडचा एक तिकडचा असं थोडं थोडं करत आवळा आणि शेवटी परत जाळीतून बघा.

इथून पुढे पॅलेटला हात लावायचा नाही, हेड सेट करताना तर नाहीच.

हेडसाठी परत तोच पाईप, पण आता प्रत्येक हेड फक्त मास्टर पॅलेटवरच जुळवायचं. मायक्रो असेल तर आधी सगळे स्क्रू मधोमध आणून ठेवा, नाहीतर ऐन कामात एका बाजूला चूडी (स्क्रूचे आटे) संपते. हेड डावी उजवीकडे तिरकं असेल तर प्रिंटची एक बाजू कुरकुरीत येते आणि दुसऱ्या बाजूला जाळी कापडाला चिकटून राहते. मग गेट बघा, म्हणजे हेड खाली येताना त्याचा रोलर ज्या खाचेत बसतो ते. हेड हळू खाली सोडा आणि शेवटच्या इंचात कान द्या, टक असा आवाज येऊन हेड बाजूला ढकललं जात असेल तर गेट मध्यावर नाही. रोलर खाचेत अलगद पडला पाहिजे, तुम्हाला दाबून बसवावा लागता कामा नये. रोलरला खळी पडली असेल तर तो बदला, आणि गेटला ग्रीस चोपडू नका, कापडाची धूळ बसून त्याची पेस्ट होते.

शेवटी स्क्रीन. फ्रेम आधी काचेवर ठेवून समोरासमोरचे कोपरे दाबा, टकटक वाजली म्हणजे पिळलेली आहे, लाकडी फ्रेम धुऊन धुऊन हमखास पिळतात. जाळी आणि पॅलेटमधलं अंतर साध्या टीशर्टला दीड ते तीन मिलीमीटर ठेवा, हुडीला जास्त. अंतर उगाच जास्त ठेवलं तर जाळी ताणली जाऊन चित्रच मोठं होतं, आणि ढिल्या जाळीची स्क्रीन वेगळी ताणली जाते, घट्ट जाळीची वेगळी, मग जमवा मॅचिंग.

टेस्ट अशी घ्या. पॅलेटवर कागद चिकटवा आणि पहिल्या हेडने क्रॉस मारा, हेड उचला, खाली घ्या, त्याच क्रॉसवर परत मारा. रेघ जाड किंवा डबल दिसली तर दोष अजून मशीनमध्येच आहे, बेअरिंग किंवा गेट किंवा क्लॅम्प. एकच रेघ आली तर चारही पॅलेटवर क्रॉस मारा, दुसरी स्क्रीन मास्टरवर जुळवा आणि तीच सगळ्यांवर चालवा. चारही ठिकाणी सारखीच चूक आली तर स्क्रीन सरकवा, आता मायक्रो बिनधास्त वापरा. एकाच पॅलेटवर चूक आली तर ते पॅलेट. कधी इकडे कधी तिकडे, काही नियमच नाही, तर गम कमी पडलाय आणि टीशर्ट सरकतोय किंवा कुठेतरी काहीतरी ढिलं आहे. सुरुवात चांगली आणि पन्नास टीशर्टनंतर हळूहळू एकाच बाजूला जातंय तर फ्रेम क्लॅम्पमधून सरकतेय.

एक गोष्ट राहिली, गरमी. ॲल्युमिनियमचं ४० सेंमीचं पॅलेट फ्लॅशखाली (इंक सुकवायच्या हीटरखाली) ४० डिग्रीने तापलं तर लांबीला जवळजवळ ०.३७ मिलीमीटर वाढतं. म्हणून थंड मशीनवर सकाळी जमवलेलं मॅचिंग तासाभराने हलतं आणि आपण परत पोरावर ओरडतो. फ्लॅश चालू करून रिकामी पॅलेट दोन चार फेऱ्या फिरवा, हाताला चांगली गरम लागली की मग फायनल मॅचिंग करा.

सगळं बसलं की प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटपर्यंत पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढून ठेवा, रेघ तुटलेली दिसली की तो बोल्ट फिरलाय. आणि इंकचे डबे ठेवायला वेगळं स्टूल आणा.