स्पेक्युलासचा मसाला भाजायचा नाही

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले की उत्रेख्तच्या आमच्या घरात दुसऱ्या मसाल्याचा वास सुरू होतो. इथे नेदरलँड्समध्ये ५ डिसेंबरच्या संध्याकाळी सिंटरक्लास, म्हणजे संत निकोलस, मुलांसाठी भेटी ठेवून जातो. त्याआधीचे दोन-तीन आठवडे मुलं अधूनमधून रात्री हीटरजवळ बूट ठेवतात आणि बुटात सिंटच्या घोड्यासाठी गाजर. याच दिवसांत घरोघर खाल्लं जातं ते स्पेक्युलास: तपकिरी, खुसखुशीत, दालचिनी-लवंगेचं बिस्कीट. जुन्या पद्धतीनं ते लाकडी साच्यात ठसवतात, त्यामुळे त्यावर पवनचक्की, घोडा किंवा खुद्द सिंट उमटलेला असतो.

मला हे शेजारच्या डच आजींनी शिकवलं. माझी मुलं त्यांना ओमा म्हणायची, म्हणून मीही ओमाच म्हणते. पहिल्या वर्षी मी त्यांच्याकडून साहित्य लिहून घेतलं, घरी आले आणि हाताला सवय होती तसं केलं. दालचिनी, लवंग, मिरी कढईत मंद आचेवर भाजली आणि मग दळली. मसाला छान खमंग झाला होता. बिस्किटं मात्र कडवट झाली आणि लवंग जिभेला झोंबायला लागली. ओमांनी एक बिस्कीट पूर्ण खाल्लं आणि विचारलं, "मसाल्याचं काय केलंस?" मी सांगितल्यावर म्हणाल्या, "त्याला एकदाच आच लागू दे. ओव्हनमध्ये लागेल तेवढी पुरे."

या बिस्किटाचं सगळं मर्म त्या वाक्यात आहे. गोड्या मसाल्यात आपल्याला भाजल्याचा खमंगपणा हवा असतो. इथे हवा तो कच्च्या दालचिनीचा गोडसर सुवास, आणि तो लोणी-साखरेत मुरून भट्टीत हळूहळू उलगडायला हवा. म्हणून कढई बाजूला ठेवा. फार तर दालचिनीचे तुकडे तासभर उन्हात ठेवा, म्हणजे मिक्सरमध्ये नीट दळले जातील.

मसाल्याचं माप चहाच्या चमच्यानं, सपाट भरून, सगळ्या पुडी करून: दालचिनी आठ चमचे, जायफळ दोन, लवंग दोन, आणि सुंठ, वेलची, पांढरी मिरी प्रत्येकी एक. एवढा मसाला तीन वेळच्या बिस्किटांना होतो. काही घरांत थोडे धणे किंवा बडीशेपेसारख्या वासाची अनिसची पूड घालतात. मी घालत नाही, वेलची दबते. पांढऱ्या मिरीऐवजी काळी चालेल, पण पाऊण चमचाच घ्या. लवंग मोजताना हात सैल सोडू नका. अर्धा चमचा जास्त पडली तरी बिस्किटाला दातदुखीच्या औषधाचा वास येतो.

दालचिनीबद्दल थोडं सविस्तर सांगते. बाजारात जी जाड, एकाच वळणाची, लाकडासारखी टणक साल मिळते ती बहुतेक वेळा कॅसिया. खरी दालचिनी पातळ सालींची, एकात एक गुंडाळलेली असते आणि बोटांनी चुरडते. कॅसिया तिखट आणि ठसठशीत, खरी दालचिनी गोड आणि हळुवार. मी पाच चमचे खरी आणि तीन चमचे कॅसिया घेते. नुसत्या खऱ्या दालचिनीचं बिस्कीट मला जरा मिळमिळीत लागतं. खरी येते माझ्या माहेरहून. वेंगुर्ल्याला आमच्या वाडीत माडांच्या सावलीत दापोलीच्या कृषी विद्यापीठानं काढलेल्या 'कोकण तेज' जातीची दालचिनी आहे आणि जायफळाची दोन झाडं. जायफळाची तयार पूड विकत घेऊ नका. अख्खं फळ आणा आणि अगदी बारीक किसणीवर ऐनवेळी किसा. वेलचीची सालं काढून फक्त दाणे, चिमूटभर साखरेबरोबर कुटा. शेवटी सगळं मैद्याच्या चाळणीतून दोनदा चाळा. दालचिनीची एक कुसळ राहिली तरी ती बिस्किटात दाताखाली येते.

वेंगुर्ल्यात डचांच्या ईस्ट इंडिया कंपनीची सतराव्या शतकातली वखार आहे, आता पडकी. लहानपणी तिच्या भिंती बघत मोठी झाले, पण त्या लोकांच्या घरातल्या डब्यात काय असतं ते इथे येऊन कळलं. हा मसाला डच घरांत सहज आलेला नाही. १६५६ मध्ये त्यांनी पोर्तुगीजांकडून कोलंबो घेतलं ते दालचिनीसाठी. जायफळासाठी तर १६२१ मध्ये बांदा बेटांवर, (आमच्या सावंतवाडीजवळचं बांदा नव्हे, इंडोनेशियातलं), तिथल्या बहुतेक रहिवाशांना ठार मारलं, हाकललं किंवा गुलाम केलं. जायफळ किसताना माझ्या मुलांना मी हेही सांगते. सणाचं बिस्कीट खाताना त्यातलं जायफळ कुठून आलं ते त्यांना माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

आता पीठ. मैदा २५० ग्रॅम, तपकिरी साखर १५० ग्रॅम, बिनमिठाचं लोणी १२५ ग्रॅम, वरचा मसाला पाच चमचे, मीठ पाव चमचा, दूध दोन मोठे चमचे. लोणी खारं असेल तर मीठ वगळा. इथे एक गडद, ओलसर तपकिरी साखर मिळते, तिच्यामुळे चव खोल होते. भारतात ती नसेल तर १०० ग्रॅम साधी तपकिरी साखर आणि ५० ग्रॅम काळपट गूळ बारीक किसून घ्या. नुसता गूळ घेतला तर बिस्कीट मऊ पडतं आणि कडा लवकर करपतात. साच्याशिवाय, नुसती कापून बिस्किटं करणार असाल तर अर्धा चमचा बेकिंग पावडर घाला. साच्यात ठसवणार असाल तर अजिबात नको, बिस्कीट फुगलं की घोड्याचे पाय जाड होतात आणि सिंटची दाढी पुसली जाते.

लोणी मऊ हवं, वितळलेलं नको. लोणी, साखर, मीठ आणि मसाला आधी एकत्र फेटा, कारण मसाल्याचा वास लोण्यातच धरून राहतो. मग चाळलेला मैदा घालून बोटांच्या टोकांनी चोळा आणि दुधाचा हात लावत गोळा करा. पोळीच्या कणकेसारखं मळू नका. गोळा एकत्र आला की थांबा, नाहीतर बिस्कीट चिवट होतं. गोळा चपटा करून झाकून फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा. ही रात्र वाचवू नका. त्याच दिवशी भाजलेल्या बिस्किटात प्रत्येक मसाला वेगळा लागतो, दुसऱ्या दिवशी एकच चव होते. मी शनिवारी रात्री भिजवते आणि रविवारी सकाळी भाजते.

साचा असेल तर त्यावर तांदळाचं पीठ भुरभुरवा आणि उलटा करून झटका. होय, तांदळाचंच. डच बेकरसुद्धा तेच वापरतात, कारण मैद्यासारखं ते लोण्याला चिकटून लगदा होत नाही. ओमांनी पहिल्यांदा तांदळाच्या पिठाची पुडी काढली तेव्हा मला घाटल्याची, घावनाची आठवण झाली. थंड पिठाचा तुकडा साच्यात अंगठ्यानं कोपऱ्यांपर्यंत दाबा, वरचं जास्तीचं पीठ सुरीनं साच्याच्या पातळीला कापून काढा आणि साच्याची कड ओट्यावर जोरात आपटा. नाही सुटलं तर साचा फिरवून दुसरी कड आपटा. नखानं उकरू नका. ठसवलेली बिस्किटं भाजण्याआधी ताटासकट पुन्हा वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे नक्षी धारदार राहते. मुंबई-कोकणच्या हवेत हे केलंच पाहिजे.

साचा नसेल तर काही अडत नाही. बटर पेपरच्या दोन कागदांमध्ये अर्धा सेंटिमीटर जाड लाटा आणि शंकरपाळ्याच्या कातण्यानं कापा, कडा सुरेख दिसतात. पेढ्याचा लाकडी छाप वर दाबला तरी छान उमटतो. बदामाचे काप खालच्या बाजूला लावले तर तेही इथल्या रीतीला धरून आहे.

ओव्हन १७० अंशांवर दहा मिनिटं आधी तापवा. बिस्किटं मधल्या खणात, वरखालच्या दोन्ही कॉइल चालू, अठरा ते वीस मिनिटं. पातळ लाटली असतील तर पंधरा. घरगुती ओटीजीची आच मागच्या बाजूला जास्त असते, म्हणून दहा मिनिटांनी ट्रे फिरवा. इथे रंगावर विसंबता येत नाही, पीठ मुळातच तपकिरी असतं. एक बिस्कीट उलटून बघा: खालची बाजू वरच्यापेक्षा जरा गडद झाली असेल आणि कडा घट्ट असतील, तर झालं. मधोमध बोट लावलं तर मऊ लागेल. ते कच्चं नसतं, गार झाल्यावर कडक होतं. मऊ लागतं म्हणून आणखी पाच मिनिटं ठेवलं की साखर कडू पडते. ट्रेवरच दहा मिनिटं राहू द्या, मग जाळीवर काढा.

पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका. पत्र्याच्या डब्यात तीन आठवडे सहज टिकतात, आणि तिसऱ्या दिवशी सर्वांत चांगली लागतात. लहान मुलं घरात असतील तर बेकिंग पावडर घातलेल्या याच पिठाच्या गोट्यांएवढ्या गोळ्या वळा आणि १६० अंशांवर पंधरा मिनिटं भाजा. सिंटरक्लासच्या दिवसांत अशाच मसालेदार गोळ्या इथे मूठ-मूठ उधळतात आणि मुलं त्या वेचतात.

मी दरवर्षी एक डबा आईसाठी बाजूला काढते आणि जानेवारीत वेंगुर्ल्याला नेते. पहिल्या वेळी तिनं चहात बुडवून एक खाल्लं, जरा थांबली आणि म्हणाली, "अगो, हो तर आपलोच मसालो!" मग दुसरं घेतलं आणि लवंग किती घालतेस ते विचारलं.

ओमा आता लेकीच्या गावी राहायला गेल्यात. जाताना त्यांचा पवनचक्कीचा, नाशपातीच्या लाकडाचा साचा मला देऊन गेल्या आणि निघताना पुन्हा पुन्हा बजावलं की याला पाणी लावायचं नाही. साबण तर नाहीच. काम झालं की कोरड्या ब्रशनं रेषांमधलं पीठ काढायचं, एखादा कण अडकला तर दात कोरायच्या काडीनं, आणि मग वास नसलेल्या तेलाचा पुसट हात फिरवून, कापडात गुंडाळून उभा ठेवायचा.