छत्रीचे तारांगण: आपल्या गावच्या अक्षांशाचे

मुलांना तारांगण दाखवण्यासाठी नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रापर्यंत नेणे गडचिरोली वा मेळघाटातील प्रत्येक शाळेला जमतेच असे नाही. मात्र आठ काड्यांच्या काळ्या छत्रीत उत्तरेचे आकाश शाळेच्या आवारातच, तेही भरदिवसा उभे करता येते. युक्ती जुनीच आहे. शिकागो येथे १९१३ साली उभारलेल्या १५ फूट व्यासाच्या अ‍ॅटवुड गोलाच्या पत्र्याला ६९२ छिद्रे होती. बाहेरचा उजेड त्यांतून आत आला की तेच तारे होत आणि गोल फिरला की ते उगवत व मावळत.

छत्री पॉलिएस्टरची, साधारण ६० सेंटिमीटर काडीची घ्यावी. दांडा कापडाला भिडतो तेथे ध्रुवतारा मानून पुढे १ सेंटिमीटरला १ अंश धरावा. आतून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने काड्यांना ०, ३, ६ असे २१ पर्यंत तासांचे आकडे खडूने द्यावेत. सप्तर्षींपैकी क्रतू व पुलह ११ तासांच्या रेषेवर, मध्यापासून २८ व ३४ सेंटिमीटरवर येतात. पुलस्त्य १२ च्या काडीच्या किंचित अलीकडे ३६ वर, तर अत्री किंचित पलीकडे ३३ वर. पुढे अंगिरस (१२.९ तास, ३४), वसिष्ठ (१३.४ तास, ३५) आणि मरीची (१३.८ तास, ४१). शर्मिष्ठेचे पाच तारे ० ते २ तासांच्या दरम्यान, २६ ते ३४ सेंटिमीटरच्या पट्ट्यात मावतात.

छिद्रे मोठ्या माणसाने मेणबत्तीवर तापवलेल्या सुईने पाडावीत. सुई टेकताच कापड वितळून कड आपोआप बंद होते आणि धागे सुटत नाहीत. थंड सुईचे छिद्र चार दिवसांत बुजते.

खरी मेख दांड्याच्या कलात आहे. वाल्टर बाउअर्सफेल्ड यांनी घडवलेले झाइस कंपनीचे तारांगणाचे पहिले प्रक्षेपक यंत्र २१ ऑक्टोबर १९२३ रोजी म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये दाखवण्यात आले, तेव्हा ते म्युनिकच्याच ४८ अंश अक्षांशाला बांधलेले होते. त्या आकाशात सप्तर्षी कधीच मावळत नाहीत. आपल्याकडे ते मावळतात. म्हणून विलायती चित्रावरून कल ठरवू नये. नागपूर, अमरावतीसाठी तो तेथील अक्षांशाइतका, म्हणजे जमिनीपासून २१ अंश ठेवावा, चंद्रपूरसाठी २०, सिरोंच्यासाठी १९. कोनमापकाच्या मध्यबिंदूला नट बांधलेला दोरा सोडून त्याची सरळ कड दांड्याला लावावी. दोरा आणि दांडा यांत ६९ अंशांचा कोन आला की कल २१ झाला.

उत्तर दिशा आदल्या रात्री ध्रुवतारा पाहून दोन खुंट्यांनी आखून ठेवावी, कारण मे महिन्याच्या अखेरीस माध्यान्ही सूर्य डोक्यावर असतो आणि सावलीवरून दिशा काढता येत नाही. छत्री उत्तरेकडेच रोखावी. छिद्रातून सूर्याकडे कोणीही पाहू नये.

मध्याच्या खाली सुमारे २१ सेंटिमीटरवर, दोन्ही कडांना किंचित उचलून, आडवी चादर धरावी, ते क्षितिज. मेच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री आठचे आकाश हवे असल्यास १२ ची काडी वर आणावी. पुढे दर महिन्याला त्याच वेळेसाठी दोन तास पुढचा आकडा वर घ्यावा. त्या हिशेबाने नोव्हेंबरात ० ची काडी वर येते, शर्मिष्ठा उंच चढते आणि सप्तर्षी चादरीखाली जातात. एका रात्रीतला प्रवास दाखवताना दांडा डावीकडे, काट्यांच्या उलट, तीन तासांना एक काडी या गतीने फिरवावा.