सुटकेनंतरचे काम : कोकणात हात कसा द्यावा

रत्नागिरीच्या विशेष कारागृहातून सुटणाऱ्या माणसासाठी कामाचा शोध सुटकेआधीच सुरू करावा, कारण किनाऱ्यावरचा रोजगार हंगामावर चालतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. तेव्हा सुटणाऱ्याला खलाशाचे काम मिळणे कठीण, परंतु भातलावणीला माणसे हवीच असतात. आधार कार्ड, बँक खाते आणि सुटकेचा दाखला प्रथम हाती घ्यावा.

जामिनावर असलेल्याला पोलीस ठाण्यात हजेरीची अट असल्यास, अनेक दिवस समुद्रात राहणाऱ्या नौकेवर त्याला पाठवू नये. हजेरी चुकल्यास जामीन रद्द होण्याचा धोका असतो. त्याऐवजी जाळ्यांची दुरुस्ती किंवा काजूप्रक्रियेचे काम पाहावे.

मालकापासून शिक्षा लपवू नये, असे माझे ठाम मत आहे. वाडीत बातमी पोहोचतेच, आणि ती तिसऱ्याच्या तोंडून कळली की विश्वास तुटतो. मात्र तपशील किती सांगायचा, हे त्या माणसानेच ठरवावे. पहिले ३ महिने आठवड्यातून एकदा मालक आणि तो माणूस या दोघांशीही स्वतंत्रपणे बोलावे, आणि पहिली मजुरी मिळेपर्यंत एस.टी.च्या भाड्याची व जेवणाची सोय आधीच करून ठेवावी.