लॅमिनेटेड लाकडी धनुष्यासाठी गोंद निवडताना या चुका टाळा

पातळ पट्ट्या एकमेकींवर चिकटवून केलेल्या, म्हणजे लॅमिनेटेड, धनुष्याची भुजा (मुठीच्या वरचा किंवा खालचा वाकणारा भाग) सुटली की दोष गोंदाच्या माथी मारला जातो आणि पुढच्या वेळी त्याहून महाग डबा आणला जातो. मात्र जोड का सुटला, हे सुटलेल्या जोडावरच लिहिलेले असते आणि ते न वाचता गोंद बदलल्यास तोच प्रकार पुन्हा घडतो. कोल्हापुरात पावसाळ्याचे चार महिने हवेतला ओलावा हटत नाही आणि एप्रिल-मेमध्ये उन्हाचा कडाका असतो. त्यामुळे परदेशी पुस्तकात किंवा व्हिडिओत सांगितलेला गोंद जसाच्या तसा उचलण्याआधी तो कोणत्या कामासाठी आणि कोणत्या हवेत वापरायचा आहे, याचा विचार करावा लागतो.

फर्निचरला चालतो तो धनुष्यालाही चालेल, हा समज

खुर्चीच्या पायाचा जोड आणि धनुष्याच्या भुजेतला जोड यांचे काम वेगळे आहे. भुजा वाकते तेव्हा निशाणाकडची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि तिरंदाजाकडची बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते. या दोहोंच्या मधल्या भागात ताण आणि दाब दोन्ही जवळपास शून्य असतात, पण थरांना एकमेकांवरून सरकवू पाहणारा कातर ताण नेमका तिथेच सर्वाधिक असतो. जाड वही वाकवली की कडेला पाने पायऱ्यांसारखी सरकलेली दिसतात. भुजेतले थर तसे सरकू न देणे हेच गोंदाचे काम. शिवाय हा ताण बाण सोडतानाच्या क्षणापुरता नसतो. दोरी चढवलेले धनुष्य तासन् तास तसेच राहते, आणि उलट बाक दिलेल्या फर्म्यावर, म्हणजे साच्यावर, चिकटवलेल्या पट्ट्या तर दोरी उतरवल्यावरही सरळ होण्यासाठी जोर लावतच असतात.

येथेच सुताराचा नेहमीचा पांढरा गोंद कमी पडतो. फेविकॉल एसएचसारखा पीव्हीए गोंद लाकडाला घट्ट धरतो, पण वाळल्यावरही तो किंचित लवचिक राहतो आणि सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो. उष्णतेत हे सरकणे वाढते. ‘वॉटरप्रूफ’ शिक्का असलेला पीव्हीए घेतल्याने हा प्रश्न सुटतो असे समजणे ही यातली दुसरी चूक आहे, कारण पाण्याला टिकणे आणि ताणाखाली न सरकणे हे दोन स्वतंत्र गुण आहेत. सरळ, पातळ पट्ट्या अगदी घट्ट बसवून केलेल्या, हलक्या ओढीच्या, निव्वळ लाकडी धनुष्यात टाइटबाँड-३सारखा पीव्हीए गोंद अनेक कारागीर समाधानाने वापरतात आणि त्याला माझा विरोध नाही. फायबरग्लासची पट्टी असेल तर मात्र पीव्हीएचा विचारही करू नये. हा गोंद त्यातले पाणी लाकडात शोषले जाऊन वाळतो. काच पाणी शोषत नाही, आणि गुळगुळीत काचेला त्याची पकडही नसते.

इपॉक्सी घेतला, पण पाच मिनिटांचा

लाकडी आणि फायबरग्लासच्या धनुष्यांसाठी सर्वांत भरवशाचा पर्याय म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन घटक मिसळून करायचा, सावकाश घट्ट होणारा इपॉक्सी, असे माझे स्पष्ट मत आहे. हार्डवेअरच्या दुकानात नुसते ‘अॅराल्डाइट द्या’ म्हटले तर पाच मिनिटांत घट्ट होणारी जोडीही हातात पडू शकते. तीत सर्व पट्ट्यांना लेप देऊन, त्या फर्म्यावर मांडून, आवळण्याइतका वेळच मिळत नाही; अर्धवट घट्ट झालेला लेप आवळला की तो लाकडात मुरत नाही. शिवाय असा गोंद उष्णतेत लवकर मऊ होतो. स्टँडर्ड अॅराल्डाइटमध्ये कामाला पुरेसा वेळ मिळतो. त्याचे रेझिन आणि हार्डनर आकारमानाने समसमान घ्यायचे असतात, पण वजनाने १०० ला ८० घ्यायचे असतात. वजनकाट्यावर दोन्ही सारखे मोजणाऱ्याच्या मिश्रणात हार्डनर जास्त होतो आणि गोंद कधीच पुरता कडक होत नाही. ‘जास्त हार्डनर घातला की लवकर सुकेल’ हा समजही असाच घातक आहे. इपॉक्सी वाळत नाही, दोन घटकांच्या रासायनिक क्रियेने घट्ट होतो, आणि जो घटक उरतो तो मऊपणा म्हणून जोडातच राहतो.

युरिया फॉर्मल्डिहाइड हा प्लायवुडच्या कारखान्यांत वापरला जाणारा गोंद कडक होतो, ताणाखाली सरकत नाही आणि स्वस्तही आहे. परंतु त्याला फट अजिबात चालत नाही, दाब भरपूर लागतो आणि साधारण २० अंशांखाली तो नीट पक्का होत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री उघड्या शेडमध्ये ठेवलेला जोड म्हणूनच कच्चा राहू शकतो. भुकटीच्या स्वरूपातला हा गोंद ओलावा लागला की खराब होतो, तेव्हा गेल्या पावसाळ्यापूर्वी उघडलेला डबा धनुष्यासाठी वापरू नये. रिसॉर्सिनॉल गोंद पाण्याला आणि उष्णतेला उत्तम टिकतो, पण छोट्या पॅकमध्ये सहज मिळत नाही आणि लालसर काळी रेघ सोडतो. फेस येऊन फुगणारा पॉलियुरेथेन गोंद फट भरल्यासारखा दिसतो, मात्र त्या फेसात बळ नसते. जनावरांच्या कातड्यापासून केलेला सरस शिंग आणि जनावरांच्या कंडरांचे (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांचे) तंतू लावलेल्या धनुष्यांसाठी शतकानुशतके वापरला गेला. आपल्या पावसाळी हवेत तो ओल धरतो आणि सुटतो.

गोंद योग्य, पण पृष्ठभाग अयोग्य

माझ्या मते सर्वाधिक जोड याच कारणाने सुटतात. टिंबर मार्केटमधून आणलेले सागाचे किंवा शिसवीचे तुकडे तेलकट असतात आणि ताजा रंधा मारल्यावरही काही तासांत आतले तेल पुन्हा वर येते. अशी लाकडे चिकटवण्याच्या अगदी आधी स्वच्छ पांढऱ्या कापडाने आणि एसीटोनने पुसावीत. कापडावर रंग उतरणे थांबेपर्यंत कापड बदलत राहावे आणि एसीटोन उडून गेले की लगेच गोंद लावावा. थिनर वापरण्याचा मोह टाळावा, कारण स्वस्त थिनरमध्ये काय मिसळलेले असते याची खात्री देता येत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागातल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये पट्ट्या ग्राइंड करून घेतल्या असतील तर टेबलावरचे कटिंग ऑइल पट्टीच्या एका कोपऱ्याला लागलेले असू शकते, आणि भुजा नेमकी त्या कोपऱ्यापासून उघडते. बांबू वापरत असाल तर बाहेरच्या चकचकीत, मेणचट सालीच्या बाजूला गोंद धरत नाही. आतली बाजू सपाट करून तीच चिकटवावी आणि साल धनुष्याच्या पाठीवर बाहेर राहू द्यावी.

पृष्ठभाग तयार आहे की नाही, हे पाहण्याची सोपी रीत म्हणजे पट्टीच्या कडेला पाण्याचा एक थेंब सोडणे. थेंब पसरून मुरला तर लाकूड गोंद घेईल. मोत्यासारखा गोल उभा राहिला तर पुन्हा घासावे आणि पुसावे. इपॉक्सीसाठी ६० ते ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासलेला, भुगा पूर्णपणे झाडलेला पृष्ठभाग चांगला. पीव्हीए आणि युरियासाठी मात्र धारदार रंध्याने काढलेला सपाट पृष्ठभाग हवा.

आवळण्यातही गोंदाप्रमाणे फरक पडतो. युरियाला सी-क्लॅम्प जवळजवळ लावून घट्ट आवळावे लागते. तोच जोर इपॉक्सीवर लावला तर गोंद कडेने वाहून जातो आणि जोड उपाशी राहतो. इपॉक्सीसाठी सायकलच्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून फर्म्याभोवती एकसारख्या ओढीने गुंडाळाव्यात; कडेने बारीक थेंबांची सलग रांग दिसली की दाब पुरेसा झाला.

ओलाव्याचे वेगळे सांगायला हवे. जुलै-ऑगस्टमध्ये शेडमध्ये पडून असलेल्या पट्ट्या भरपूर पाणी धरून असतात, आणि हिवाळ्यात त्या आक्रसल्या की जोडावर ताण येतो. पट्ट्या उबदार, कोरड्या जागी ठेवून छोट्या डिजिटल काट्यावर रोज तोलाव्यात आणि वजन उतरणे थांबल्यावरच कामाला घ्याव्यात. चिकटवल्यानंतर प्लायवुडची पेटी करून, त्यात फिलामेंटचे बल्ब आणि थर्मामीटर लावून जोडाला सौम्य उष्णता दिल्यास इपॉक्सी अधिक पूर्णपणे पक्का होतो आणि पुढे उन्हात टिकतो. मात्र तापमान किती आणि किती तास द्यायचे, हे त्या गोंदाच्या कंपनीच्या पत्रकातूनच घ्यावे. एवढे करूनही मे महिन्यात बंद मोटारीत धनुष्य ठेवू नये; आतली हवा ६० अंशांच्या घरात जाते आणि बहुतेक साध्या इपॉक्सींचे बळ त्याच सुमारास घटू लागते.

सुटलेला जोड कसा वाचावा

भुजा उघडली तर दोन्ही बाजू खिडकीपाशी तिरक्या उजेडात धरून पाहाव्यात. दोन्हीकडे लाकडाचे तंतू उपटलेले असतील तर गोंद निर्दोष आहे; लाकूड कमकुवत होते किंवा भुजा गरजेपेक्षा जास्त वाकत होती. गोंदाचा संपूर्ण थर एकाच बाजूला चकचकीत राहिला असेल आणि दुसरी बाजू कोरी असेल तर कोऱ्या बाजूचा पृष्ठभाग तेलकट किंवा गुळगुळीत होता. दोन्हीकडे गोंदाचे केवळ ठिपके दिसले तर जोड उपाशी राहिला. गोंदात नख रुतत असेल तर मिश्रणाचे प्रमाण चुकले, खडूसारखी भुकटी निघत असेल तर युरिया थंडीत कच्चा राहिला किंवा भुकटीच जुनी होती. जोड उघडलाच नाही, पण टोकाशी पट्ट्यांची पायरी तयार झाली आणि धनुष्याचा बाक उतरत गेला, तर तो गोंद सरकणारा आहे.

हे वाचन धनुष्य बनवण्याआधीही करता येते. त्याच लाकडाचे उरलेले तुकडे त्याच दिवशी, त्याच मिश्रणाने चिकटवावेत, गोंद पूर्ण पक्का झाल्यावर पटाशीने जोडावर फोडावेत आणि उरलेला एखादा तुकडा गरम पाण्यात ठेवून नंतर फोडावा. तुकडा लाकडातून फुटला तरच त्या गोंदावर धनुष्याची पहिली ओढ द्यावी, तीही टप्प्याटप्प्याने आणि डोळ्यांना चष्मा लावून, कारण पूर्ण ओढलेली भुजा सुटली तर लाकडाचा तुकडा तोंडावर येतो. इपॉक्सीचे हार्डनर कातडीला वारंवार लागल्यास कायमची ॲलर्जी होऊ शकते, म्हणून हातमोजे घालावेत.

टोकाजवळ दोन-तीन इंच सुटलेला जोड जुना गोंद पूर्ण खरवडून, पृष्ठभाग पुन्हा तयार करून इपॉक्सीने दुरुस्त करता येतो. पातळ सुपरग्लू फटीत सोडून वरून दोरा गुंडाळणे ही तात्पुरती सोय आहे, त्यावर पूर्ण ओढ देऊ नये. भुजेच्या मध्यभागी उघडलेल्या धनुष्याला पुन्हा दोरी चढवू नये; त्याच्या भुजा कापून, उरलेल्या जोडाच्या चकत्या पुढच्या गोंदाशी ताडून पाहण्यासाठी ठेवाव्यात.