प्रोसेसर १०० अंशांवर, आणि हीटसिंक गार

घरी जोडलेल्या पीसीवर व्हिडिओ रेंडर लावला की वेग अचानक ४ गिगाहर्ट्‌झवरून दोनच्या आसपास यायचा. एचडब्ल्यूइन्फो या तापमान-वेग दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तापमान १०० अंश आणि 'थर्मल थ्रॉटलिंग'समोर 'येस'. १०० अंश ही इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांची कमाल मर्यादा. तिथे पोचल्यावर चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते.

सगळे म्हणाले, धूळ असेल, कॅबिनेटला पंखे वाढव. पण तापमान कसं चढतं ते आधी बघावं. हवा खेळत नसेल तर ते सावकाश, काही मिनिटांत वाढतं. माझ्याकडे लोड देताच दोन-तीन सेकंदांत शंभरी! बाजूचं झाकण काढून पाहिलं, काडीचा फरक नाही. वर पंखा पूर्ण वेगाने फिरत असताना हीटसिंकला (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) बोट लावलं तर ते जेमतेम कोमट. म्हणजे उष्णता तिथवर पोचतच नव्हती.

मदरबोर्ड बाहेर काढून मागून पाहिलं. कूलरच्या, म्हणजे हीटसिंक-पंख्याच्या, चार प्लास्टिक पिनांपैकी एक अर्धवटच आत गेली होती, त्यामुळे एक कोपरा उचललेला. (या पिना ज्याने शोधल्या त्याला एकदा भेटायचंय.) चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारी जुनी, वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, मधोमध मटाराच्या दाण्याएवढी नवी लावली आणि पिना समोरासमोरच्या जोडीने, तिरप्या क्रमाने दाबल्या. 'खट्' आवाज आला तरी मागून चारही टोकं फाकलेली दिसली पाहिजेत.

आता त्याच रेंडरला तापमान सत्तरीत असतं आणि वेग टिकतो. नवा पंखा घ्यावा लागला नाही.